चांद्याचा धूर, दूरचा उजेड

दिवाळीत घरोघरी पणत्या लागतात. पूर्वी याच दिवसांत आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन पालथे धरीत असे आणि थोड्या वेळाने त्याच्या पाठीवर जमलेली काजळी बोटाने निपटून चांदीच्या डबीत भरीत असे. ते काजळ वर्षभर घरातल्या लेकरांच्या डोळ्यांना पुरे. लहानपणी मला या गोष्टीचे मोठे नवल वाटे. इतक्या शुभ्र, शांत ज्योतीच्या पोटी एवढा काळेपणा कोठून आला, असे मी विचारी. आजीचे उत्तर ठरलेले असे : "बाळा, उजेड आला की काजळी आलीच. आपण फक्त ती कुठं धरायची ते ठरवायचं."

त्या वेळी हे वाक्य केवळ काजळापुरतेच वाटले होते. गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरला जाण्याचा योग आला आणि आजीचे ते शब्द नव्याने आठवले. नागपुराहून वरोऱ्याच्या बाजूने चंद्रपूरकडे येताना महाकालीचे शिखर किंवा गोंडराजांचा परकोट दिसण्यापूर्वी दिसतात त्या औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंच्या अंगणात तुळशीवृंदावनाला ताजा चुना दिलेला होता. मी सहज त्याचे कौतुक केले. काकू हसल्या नि म्हणाल्या, "चुना तं देल्ला जी भाऊ, पण पंधरा दिवस झाले का थे भिंतच इचारते, दिवाळी कवा झाली होती म्हून!" बोलता बोलता त्यांनी पदराने ओसरीतला पाट पुसला. पदरावर राखाडी पट्टा उमटला. त्या पट्ट्याचा इतिहास शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

आता ही केवढी विसंगती! कारण या नगराची जन्मकथाच मुळी आरोग्याची आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या व कोणताही उपाय चालत नव्हता. शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या पात्रातल्या एका झऱ्याचे पाणी प्याला आणि त्याच्या व्यथा शमल्या, अशी आख्यायिका सांगतात. पुढे त्याच परिसरात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी वीरांची, असे मानून त्या पाठलागाच्या रेषेवर राणीच्या सल्ल्याने नगर वसवले, म्हणतात. आख्यायिका ती आख्यायिका. तिच्यावर इतिहासाची मोहोर उठवण्याचे कारण नाही. परंतु आजारी माणूस जेथे येऊन बरा होतो ते ठिकाण म्हणजे चांदा, ही लोकांची आठवण होती, एवढे तिच्यावरून खास दिसते.

इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ गोंडराजांनी सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दगडी परकोट उभारला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही त्याच्या चार दिशांची चार मुख्य दारे. हत्तीवर झडप घालणारा सिंह हे राजचिन्ह त्यांच्यावर अजून पाहावयास मिळते. या दारांची रुंदी ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणती वाहने असतील? अंबारीसह हत्ती, घोडेस्वार, धान्याच्या बंड्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या दमण्या आणि रेंग्या! या वाहनांना धूर म्हणून ठाऊक नव्हता. त्यांच्या चाकांनी धूळ उडे खरी, पण ती चाकाच्या उंचीएवढी वर चढून पुन्हा मागच्या वाटेवर बसे. आज त्याच जटपुरा दरवाजाशी मोटारी, फटफट्या आणि ऑटोरिक्षा यांची जी दाटी होते, तीत एक बंडीही सापडायची नाही.

चांद्याच्या पूर्वेला झाडीपट्टी आणि तिच्याही पलीकडे आजचा गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाने झाकलेला आहे. आलापल्लीचा साग एके काळी नावाजलेला. हे सागाचे ओंडके जंगलातून ओढून काढायला हत्ती असत. कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्प ही त्या काळाची आजही हलती-डुलती खूण आहे. पुढची वाट बंडीची, आणि जेथे बंडी थकेल तेथे नदीची. वैनगंगा आणि वर्धा एकत्र होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वसमुद्राला. निसर्गाने जणू एक बिनधुराचा राजमार्गच आखून ठेवला होता.

या राजमार्गाचा मोह इंग्रजांनाही पडला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांतून थेट समुद्रावर न्यावा, अशी एक मोठी योजना सर आर्थर कॉटन यांच्यासारख्या अभियंत्यांच्या प्रेरणेने पुढे आली. १८६० च्या दशकात सिरोंचाच्या आसपास खडकाळ धबधब्यांना वळसा घालणारे कालवे आणि बंधारे बांधण्याचे काम चालू होते. परंतु पैसा फार लागला, पाणी वर्षातून थोडेच महिने पुरे आणि तोवर मुंबईची आगगाडी कापसाच्या मुलखात येऊन ठेपली. १८७१ मध्ये सरकारने हे काम सोडून दिले. पाण्याची वाट हरली, वाफेची जिंकली. आपल्या कथेला येथे पहिले वळण मिळते, कारण वाफेला कोळसा लागतो आणि कोळसा तर चांद्याच्या पोटातच होता.

त्याच १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण चालू झाली आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास कोळशासाठी लोहमार्ग आला. ज्या वरोऱ्याचे नाव आज बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे घरोघरी पोचले आहे, ते त्या काळी कोळशाचे गाव म्हणून ओळखले जाई. ही खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण तोवर बल्लारपूरच्या बाजूला नवी खाण सुरू झालेली होती. एकदा पेटलेली भट्टी विझू नये म्हणून माणूस किती खोल जाईल याला सीमा नसते.

याच सुमारास चांद्याच्या कथेत एका थोर पुरुषाचा प्रवेश होतो. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ, बाजार जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ, असा त्यांचा हिशेब होता. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा येथील लोखंडाच्या टेकडीविषयीचा तो अहवाल होता. एका बाजूला लोखंडाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वरोऱ्याचा कोळसा! जमशेटजींच्या मनात पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न येथेच रुजले. त्यांनी कोळशाचे नमुने जर्मनीला नेऊन तपासून घेतले. निकाल प्रतिकूल आला. हा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालणारा नव्हता. त्याचा कोक होत नाही आणि त्यात राख फार. स्वप्न चांद्यातून उठले आणि पुढे कितीतरी वर्षांनी दूर साकची येथे साकार झाले. आज आपण त्याला जमशेदपूर म्हणतो.

चांदा जमशेदपूर होता होता राहिला, याची हळहळ त्या भागातली जुनी माणसे अजून करतात. पण "राख फार" हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पोलादाला नालायक ठरलेला हा कोळसा पुढे शंभर वर्षांनी विजेला लायक ठरला आणि त्याच्यातली ती राख काकूंच्या पदरापर्यंत पोचली.

जमशेटजींचे दुसरे एक स्वप्न मात्र पुरे झाले, आणि त्याचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. त्या वेळची मुंबई गिरण्यांच्या धुराने काळवंडली होती. धुराचा उपद्रव एवढा वाढला की १९१२ मध्ये सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. सह्याद्रीवर कोसळणारे पावसाचे पाणी अडवून त्याच्यापासून वीज करावी व मुंबईच्या गिरण्या धुराविना चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजींची. त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली. घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम १९०७ मध्येच आलेली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांतून नाकाला रुमाल न लावता जाता येऊ लागले, तेव्हा प्रवाशांना केवढे सुख वाटले असेल! विजेचे वाहन ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या तारखा ध्यानात घ्याव्यात.

परंतु या कथेलाही काजळी आहेच. मुंबईला अधिक वीज हवी म्हणून मुळशीला धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातली गावे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ मध्ये तेथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. सत्याग्रह हरला, धरण झाले, मुंबई उजळली आणि मावळातले शेतकरी उठले. धूर नव्हता, पण किंमत होती. ती देणारा एका गावात राहत होता आणि उजेड उपभोगणारा दुसऱ्या.

आता मोटारीकडे वळू. आज मोटारीच्या धुराच्या नावाने आपण बोटे मोडतो. पण मोटार जगात आली ती स्वच्छ वाहन म्हणून, हे सांगितले तर कित्येकांना खरे वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन, न्यूयॉर्कसारख्या शहरांत लाखो घोडे राबत होते आणि त्यांच्या लिदीने, माश्यांनी, रस्त्यात मरून पडलेल्या जनावरांनी नगरपित्यांची झोप उडाली होती. मोटार आली तेव्हा लोक म्हणाले, चला, रस्ते निर्मळ झाले! गंमत अशी की १९०० साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या हजारसुद्धा नव्हत्या. उरलेल्या वाफेवर चालत. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, हाताने फिरवायची दांडी जाऊन बटणाने इंजिन सुरू होऊ लागले आणि विजेची मोटार मागे पडली ती जवळजवळ शंभर वर्षे.

आपल्याकडे मोटार प्रथम राजेरजवाड्यांची, मग वकील-डॉक्टरांची आणि नंतर सर्व्हिस मोटारीच्या रूपाने सर्वांची झाली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारीच्या पाठीला एक उभी भट्टी जोडून, तीत लोणारी कोळसा पेटवून, त्याच्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. चढ आला की उतारूंनी उतरून धक्का द्यायचा, ही त्या प्रवासाची रीतच होती! स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली सरकारी एस.टी. धावली. विदर्भात मध्यप्रांताची वेगळी व्यवस्था होती. १९६१ मध्ये ती सर्व महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या छत्राखाली आली.

झाडीपट्टीतल्या माणसाला या एस.टी.चे मोल विचारावे. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे तरुण डॉक्टर दांपत्य भामरागडजवळ हेमलकसा येथे राहावयास गेले, तेव्हा पावसाळ्यात त्या मुलखाचा जगाशी संबंध तुटत असे. पुढल्या पन्नास वर्षांतही कित्येक गावांना गाडीचे तोंड दिसले नाही. अहेरी ते गर्देवाडा या मार्गावर पहिली बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. म्हणून शहरातल्या सुखवस्तू माणसाने "मोटारी कमी करा" असे सरसकट म्हणणे हा न्याय नव्हे. ज्याच्या घरी दोन मोटारी आहेत त्याचा धूर आणि ज्याच्या गावी आयुष्यात प्रथमच बस आली त्याचा धूर एका तराजूत घालता येत नाही. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, दंडार होते, वडशाच्या नाटक कंपन्यांचे हंगाम सुरू होतात. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी परतणाऱ्या त्या रसिकांना गाडी हवीच. ती स्वच्छ असावी, एवढेच आपले म्हणणे.

मोटारीचा धूर माणसाच्या जिवावर उठतो हे जगाला फार उशिरा उमगले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे धुके बसून राहिले. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या संशोधकांनी तो आकडा आणखी वाढवला. तो धूर मुख्यतः घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा होता. ब्रिटिश सरकारने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. त्याच सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे हागेन-श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की तेथले डोळे चुरचुरवणारे धुके मोटारींच्या धुरावर कडक ऊन पडून तयार होते. चंद्रपूरचे ऊन काय असते हे विदर्भातल्या वाचकांना सांगावयास नको!

धुरातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे कण अडीच मायक्रॉनांहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथून रक्तात. दम्याचा विकार वाढतो, हृदयाला त्रास होतो, लहान मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. आपल्या देशात २००९ च्या मानकानुसार अशा कणांची वार्षिक सरासरी घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा अवघी ५ वर आणली.

परंतु निराश होण्याचे कारण नाही. वाहने सुधारली की हवा सुधारते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे मुलांच्या मेंदूला घातक म्हणून २००० साली देशभर बंद झाले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हुकूम दिला आणि २००२ अखेर तेथल्या सर्व सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर धावू लागल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले, तेव्हा इंधनातल्या गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आले. आणि १ जून २०२२ रोजी, पहिल्या एस.टी.च्याच मार्गावर, पुणे ते अहमदनगर, महामंडळाची 'शिवाई' ही विजेची बस धावली. चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याच वाटेवर दुसरा शुभारंभ! आमच्यासारख्या इतिहासाच्या वेड्यांना अशा योगायोगाचा आनंद काही निराळाच असतो.

मात्र येथे चंद्रपूरचा माणूस हात वर करून विचारतो, "ते सगळं ठीक आहे जी, पण ही बस चालते कशावर?"

प्रश्न रास्त आहे. १९८३ पासून चंद्रपूरचे औष्णिक केंद्र वीज देते आहे. आजची त्याची क्षमता २,९२० मेगावॉट. महानिर्मिती कंपनीचे ते सर्वांत मोठे केंद्र. भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागदाची गिरणी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले व देशात चौथा क्रमांक लागला. परीक्षेत एवढे गुण मिळवून घरात रडारड व्हावी, असा हा एकच प्रसंग असावा! जानेवारी २०१० मध्ये तेथे नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई झाली. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहेच.

तेव्हा आपण एक साधा घरगुती हिशेब करू. विजेची स्कूटर एका युनिटवर ढोबळ मानाने ३० किलोमीटर जाते. एक युनिट वीज करायला आपल्याकडचा कोळसा अर्ध्या किलोहून अधिक लागतो आणि त्यातून पाव किलोच्या आसपास राख निघते. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या ताईंनी कोळशाच्या विजेवर कचेरीत जाऊन-येऊन ३० किलोमीटर प्रवास केला, की कोठल्या तरी औष्णिक केंद्रावर पाव किलो राख तयार झाली. ताईंच्या मागे धूर नाही. पण चिमणीखालच्या काकूंच्या पदराला आहे!

मग विजेच्या वाहनांचा हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? मुळीच नाही, आणि याची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण असे की पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची तीन-चतुर्थांश शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते, तर विजेची मोटार मिळालेल्या शक्तीचा बहुतेक भाग चाकाला देते. म्हणून कोळशाची वीज धरूनही एकंदर कर्बवायूचा हिशेब सामान्यतः स्कूटरच्या बाजूनेच पडतो. दुसरे, हजारो गाड्यांचा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, गर्दीच्या रस्त्यात, शाळांच्या दारात सुटतो; त्या प्रत्येक नळीवर पहारा बसवता येत नाही. चिमणी एकच असते. तिच्या पोटात विजेची गाळणी बसवता येते, आणि ती नीट चालवली तर शंभरातले नव्याण्णवाहून अधिक राखेचे कण अडतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. पेट्रोलची गाडी शेवटपर्यंत पेट्रोलचीच राहते. विजेची गाडी मात्र आज कोळशावर, उद्या उन्हावर आणि वाऱ्यावर चालू शकते. गाडी तीच, फक्त वीज बदलते. ज्या चंद्रपुरात ऊन हा शाप मानला जातो, तेथे तेच ऊन वरदान ठरू शकते.

पण यातले दुसरे कारण "नीट चालवली तर" या तीन शब्दांवर उभे आहे, आणि तेथेच सारा प्रश्न अडतो. चिमण्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूला आळा घालणारी मानके डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाली. त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यांतून सूटच मिळाली. शहरातल्या मोटारमालकाला धुराचे प्रमाणपत्र काढावे लागते, न काढले तर दंड होतो. मग चिमणीलाच सवलत का? असा सवाल चंद्रपूरकराने केला तर त्याला उत्तर देणे जड जाईल.

आणखी एक गोष्ट वाहनांच्या भक्तांनी विसरू नये. कोळशाच्या आणि खनिजाच्या रस्त्यांवर धूर जेवढा घातक तेवढीच धूळही. ट्रक विजेचा झाला तरी त्याची चाके रस्त्यावरची धूळ उडवणारच, वर न झाकलेला कोळसा वाऱ्याने उडणारच. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजाचे उदाहरण पाहा. जमशेटजींना लोहाऱ्याच्या लोखंडाने घातलेली भूल शंभरांहून अधिक वर्षांनी सूरजागडने नव्याने घातली. २००७ मध्ये तेथे खाणीचा पट्टा मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सत्तरांहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून काम पुन्हा वेगाने सुरू झाले. आलापल्लीच्या ज्या रस्त्याने एके काळी सागाच्या बंड्या जात, त्याने खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि दुतर्फाच्या झाडांवर, पिकांवर, घरांवर लाल धूळ बसू लागली. खाण असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि तो तेथल्या ग्रामसभांचे म्हणणे ऐकल्यावाचून सुटणार नाही. पण वाहतुकीपुरते बोलायचे तर २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाट सुरू झाली. खनिज दळून, पाण्यात कालवून तिच्यातून वाहून न्यायचे. म्हणजे सर्वांत स्वच्छ ट्रक कोणता, तर जो रस्त्यावर आणावाच लागत नाही तो! १८७१ मध्ये हरलेली पाण्याची वाट दीडशे वर्षांनी अशी लोखंडाच्या नळीतून परत आली, हा इतिहासाचा खेळच म्हणावयाचा.

या साऱ्या कथेतून मला एक सूत्र सापडते. बंडीनंतर आगगाडी आली, घोड्यानंतर मोटार आली, पेट्रोलनंतर वीज आली. प्रत्येक वेळी नवे वाहन स्वच्छ म्हणूनच दारात उभे राहिले. आणि प्रत्येक वेळी त्याची स्वच्छता आपण पाहिली ती आत बसलेल्या माणसाच्या बाजूने. मागे उभा असलेला, खाली राहणारा, दूरच्या जिल्ह्यातला माणूस हिशेबात धरला नाही. पहिल्या शतकाची चूक मुळशीला झाली, दुसऱ्याची चंद्रपूरला होते आहे. विजेची गाडी जरूर घ्यावी, विजेच्या बसमधून जरूर जावे, जेथे पायी जाता येईल तेथे पायी जावे. परंतु तेवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. गाडीला तार जोडताना तारेचे दुसरे टोक कोठे आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. तेथल्या चिमणीला गाळणी आहे काय, ट्रकावर ताडपत्री आहे काय, रस्त्यावर पाणी मारतात काय, नवी वीज उन्हाची आहे काय, हे प्रश्न चंद्रपूरकरांनीच का विचारावेत? उजेड घेणाऱ्यांनीही विचारले पाहिजेत.

चंद्रपूरकर स्वतः हात जोडून बसलेले नाहीत. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुण स्वयंसेवकांनी गोंडराजांचा परकोट झाडझूड करून मोकळा करण्याचे काम हाती घेतले. कित्येक वर्षे झुडपांत आणि कचऱ्यात बुडालेला तट हळूहळू पुन्हा दिसू लागला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपले गाव म्हणून ही मुले राबली. ज्या गावची मुले पाचशे वर्षांपूर्वीची भिंत स्वच्छ करू शकतात, त्यांच्या डोक्यावरचे आकाश स्वच्छ करण्यास उरलेल्या महाराष्ट्राने मदत करू नये, हे शोभत नाही.

निघताना मी काकूंना नमस्कार केला. त्या वृंदावनाला पुन्हा एकदा चुना देण्याच्या तयारीत होत्या. मी म्हटले, "काकू, आत्ताच तर दिला होता." त्या म्हणाल्या, "मंग काय झालं जी? धूर आपलं काम करते, आपण आपलं करावं."

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या गॅलरीत विजेच्या माळा लुकलुकतील. त्यांतला एखादा दिवा चांद्याच्या कोळशावर पेटलेला असेल. त्या दिव्याकडे पाहताना आजीचे ताम्हन आठवावे. उजेड आला की काजळी आलीच. पण आजी ती काजळी शेजारणीच्या भिंतीवर सोडून देत नसे, आपल्या ताम्हनात धरीत असे.